एका कैद्याची रजा आणि एका उमेदवाराची प्रतिमा : १९८८ ची अमेरिकन निवडणूक

राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले आहे : १९८८ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार मायकल डुकाकिस एका कैद्यावरच्या जाहिरातीमुळे आणि रणगाड्यातल्या एका दृश्यामुळे हरले, असे जिकडेतिकडे लिहिलेले आढळते, ते कितपत खरे मानावे, आणि प्रचारातल्या अशा प्रतिमांमुळे गुन्हेगारी किंवा तुरुंग यांसारख्या सामाजिक प्रश्नांचे नेमके काय होते?

मी सव्वीस वर्षे प्रचाराच्या चित्रफिती लिहितो आणि संकलित करतो. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सर्वांत आधी हीच निवडणूक दाखवत असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल. पहिल्या भागाचे उत्तर मात्र लवकर देता येते : केवळ त्या दोन गोष्टींमुळे ते हरले, असे मानण्याचे कारण नाही. रोनाल्ड रेगन यांची दुसरी कारकीर्द संपत होती, अर्थव्यवस्था वाढत होती, शीतयुद्धाचा ताण कमी होत होता, आणि अशा वेळी सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवाराला, म्हणजे उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांना, मुळातच अनुकूलता होती. जुलैमध्ये अटलांटाच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनानंतरच्या एका चाचणीत डुकाकिस १७ टक्क्यांनी पुढे दिसले खरे. पण अधिवेशनानंतरची आघाडी ही दिवाळीच्या रोषणाईसारखी असते, चार दिवसांनी उतरतेच. ८ नोव्हेंबरला बुश यांना सुमारे ५३.४ टक्के आणि डुकाकिस यांना ४५.६ टक्के मते मिळाली. राज्यवार मोजली जाणारी आणि निकाल ठरवणारी निर्वाचक मते होती ४२६ आणि १११. इतका मोठा फरक एका जाहिरातीच्या खात्यावर टाकणे हे आमच्या धंद्याला सोयीचे असले, तरी हिशेबाला धरून नाही.

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. त्या प्रचारात सर्वाधिक नुकसान झाले ते तुरुंग आणि शिक्षा यांविषयी शांतपणे बोलण्याच्या शक्यतेचे, असे माझे मत आहे, आणि ते कसे झाले हे समजण्यासाठी आधी त्या रजेविषयी सांगितले पाहिजे.

महाराष्ट्रातल्या तुरुंगांत ज्याला संचित रजा किंवा फर्लो म्हणतात, तसलीच ही योजना होती. आपल्याकडे तिचे नियम १९५९ पासून आहेत. ठरावीक काळ शिक्षा भोगून वर्तणूक चांगली ठेवलेल्या कैद्याला काही दिवस घरी जाऊ द्यायचे, म्हणजे कुटुंबाशी त्याचा धागा तुटत नाही, अशी त्यामागची कल्पना. मॅसॅच्युसेट्समध्ये ही योजना १९७२ मध्ये सुरू झाली, ती फ्रान्सिस सार्जंट या रिपब्लिकन गव्हर्नरांच्या काळात. (तिथला गव्हर्नर निवडून येतो आणि राज्य चालवतो, आपल्या राज्यपालांशी त्याची गल्लत करू नये.) पुढे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की कायद्याच्या शब्दांनुसार पहिल्या दर्जाच्या, म्हणजे सर्वांत गंभीर मानल्या जाणाऱ्या, खुनातले कैदीही या रजेला पात्र ठरतात. १९७६ मध्ये विधिमंडळाने त्यांना वगळणारे विधेयक संमत केले तेव्हा डुकाकिस गव्हर्नर होते आणि त्यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. अशा रजा तेव्हा इतर अनेक राज्यांत आणि संघराज्याच्या तुरुंगांतही दिल्या जात होत्या.

विल्यम हॉर्टन हा खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा कैदी नऊ वेळा रजेवर जाऊन परत आला. जून १९८६ मध्ये दहाव्या रजेवरून तो परतलाच नाही, आणि एप्रिल १९८७ मध्ये मेरिलंड राज्यात त्याने एका जोडप्याच्या घरात शिरून त्यांचा अमानुष छळ केला. गुन्हा भयंकर होता, आणि त्याबद्दल राज्य सरकारला जाब विचारणे पूर्णपणे रास्त होते. लॉरेन्स गावच्या ‘ईगल ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने या रजायोजनेविषयी चिकाटीने बातम्या दिल्या आणि त्याबद्दल त्याला १९८८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. लोकांचा दबाव इतका वाढला की एप्रिल १९८८ मध्ये, तेव्हाही गव्हर्नर असलेल्या डुकाकिस यांनी स्वतःच खुनी कैद्यांची रजा बंद करणाऱ्या कायद्यावर सही केली. म्हणजे उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच धोरणाचा प्रश्न निकालात निघाला होता. अध्यक्षीय प्रचारात जो प्रश्न गाजला तो धोरणाचा उरलाच नव्हता, हे इथे लक्षात ठेवावे.

रजेचा विषय राष्ट्रीय पातळीवर प्रथम काढला तो डेमोक्रॅटिक पक्षाच्याच अल गोर यांनी, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या न्यू यॉर्कच्या प्राथमिक फेरीतल्या एका वादसभेत. त्यांनी हॉर्टनचे नाव घेतले नव्हते. तो धागा बुश यांच्या प्रचारयंत्रणेने उचलला. प्रचारप्रमुख ली अॅटवॉटर आणि माध्यम सल्लागार रॉजर एल्स हे दोघेही आपापल्या कामात तरबेज होते. मे महिन्यात न्यू जर्सीतल्या परामस या गावी त्यांच्या माणसांनी तीसेक मतदार बोलावले. हे सारे पूर्वी रेगन यांना मत दिलेले आणि आता डुकाकिस यांच्याकडे झुकलेले डेमोक्रॅट होते. त्यांना कैद्यांची रजा, मृत्युदंडाला असलेला डुकाकिस यांचा विरोध, शाळेतली राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा असे मुद्दे सांगितल्यावर त्यांतल्या सुमारे निम्म्यांनी आपला विचार बदलल्याचे सांगितले. पुढचे सहा महिने जे घडले त्याचा आराखडा त्या बैठकीत तयार झाला.

त्या मतदारांना दिलेल्या मुद्द्यांत महागाई, आरोग्यविमा, बेकारी यांतले काहीच ठळक नव्हते. प्रत्येक मुद्दा वरवर सामाजिक प्रश्नासारखा दिसतो, पण त्यातून विचारले जाते ते ‘हा माणूस आपल्यातला आहे का?’ एवढेच. रजेमुळे गुन्हे वाढतात की घटतात, किती कैदी परत येतात, रजा न देता शिक्षा संपल्यावर एकदम रस्त्यावर सोडलेला कैदी अधिक घातक ठरतो का, हे धोरणाचे प्रश्न आहेत. त्यांना आकडे लागतात, वेळ लागतो, आणि उत्तर बहुधा ‘काही अंशी’ असे येते. ‘आपल्यातला आहे का’ या प्रश्नाला एक चेहरा पुरतो. प्रतिमा घडवणारा माणूस विषयाबद्दल खोटे बोलतो असा समज आहे, पण माझ्या अनुभवात तसे करावे लागण्याची वेळ क्वचित येते. तो विषय तोच ठेवतो आणि त्याखालचा प्रश्न बदलतो.

जाहिराती दोन होत्या आणि लोक त्यांची नेहमी सरमिसळ करतात. हॉर्टनचे नाव आणि छायाचित्र असलेली जाहिरात बुश यांच्या अधिकृत प्रचाराची नव्हती. ती एका स्वतंत्र राजकीय निधी समितीने काढली होती आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात काही आठवडे केबलवर दाखवली होती. ती करणारे लॅरी मॅककार्थी पूर्वी एल्स यांच्या संस्थेत कामाला होते. अशा ‘स्वतंत्र’ समित्यांनी उमेदवाराशी संगनमत करू नये असा तिथला कायदा आहे. पण एकाच आखाड्यात तयार झालेल्या दोन मल्लांना एकमेकांचे डाव विचारावे लागत नाहीत. जाहिरातीत बुश यांचा हसरा, प्रकाशमान फोटो, डुकाकिस यांचा काळवंडलेला, आणि मग अटकेनंतर पोलिसांनी काढलेला, दाढी आणि केस वाढलेल्या कृष्णवर्णीय हॉर्टनचा फोटो येतो. वंशाविषयी एक शब्दही नाही. नावाचे बघा : तो विल्यम होता, प्रचारात आणि बातम्यांत तो ‘विली’ झाला.

अधिकृत जाहिरात ऑक्टोबरच्या सुरुवातीला आली. कृष्णधवल चित्रण, तुरुंगाची भिंत, आणि गजांच्या फिरत्या दारातून आत जाऊन लगेच बाहेर पडणारी कैद्यांची रांग. हॉर्टनचे नाव नाही, चेहरा नाही. निवेदक सांगतो की जन्मठेपेच्या खुन्यांना सुट्टीवर सोडले गेले आणि बाहेर असताना अनेकांनी अपहरण, बलात्कार असे गुन्हे केले. त्याच वेळी पडद्यावर अक्षरे उमटतात : २६८ पळाले. हा आकडा खोटा नव्हता. मात्र तो सर्व प्रकारच्या कैद्यांचा, अनेक वर्षांचा मिळून होता, आणि त्यांत पहिल्या दर्जाच्या खुनातले होते चार. कानाला ‘खुनी’ ऐकू येते, डोळ्याला २६८ दिसतात, आणि बेरीज प्रेक्षक स्वतः करतो. संकलनाच्या टेबलावर बसणारा कोणीही हे पाहून मनातल्या मनात दाद देईल आणि मग थोडा ओशाळेल. मी ते दोन्ही केले आहे.

या जाहिराती प्रत्यक्ष किती लोकांनी पाहिल्या यापेक्षा बातम्यांनी त्या किती वेळा दाखवल्या, हे अधिक महत्त्वाचे ठरले. ‘प्रचार फार खालच्या पातळीला गेला आहे’ अशी टीका करणाऱ्या प्रत्येक बातमीत ती जाहिरात फुकटात वाजत होती. १९८४ मध्ये सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीच्या वार्ताहर लेस्ली स्टाल यांनी रेगन यांच्या प्रतिमानिर्मितीवर कडक टीका करणारी बातमी केली होती. तिच्यात फुगे, झेंडे आणि वृद्धाश्रमाचे उद्घाटन करणारे रेगन यांची दृश्ये होती, आणि बातमी झळकल्यावर व्हाइट हाउसमधल्या अधिकाऱ्याने तक्रारीऐवजी समाधानच व्यक्त केले, कारण शब्द कोणी ऐकत नाही, असे तो अधिकारी म्हणाला. याच काळात बातमीतला उमेदवाराचा बाइट, म्हणजे त्याच्याच तोंडून ऐकवला जाणारा तुकडा, आक्रसत गेला होता. तिथल्या संध्याकाळच्या बातम्यांची मोजदाद करणाऱ्या अभ्यासात १९६८ मध्ये हा बाइट सरासरी ४२ सेकंदांचा होता. १९८८ मध्ये तो दहा सेकंदांच्याही आत आला. तुरुंगातल्या रजेचे समर्थन दहा सेकंदांत करून दाखवा, असे मी प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांना सांगतो. आजवर कोणाला जमलेले नाही. तिच्यावरचा हल्ला मात्र चार सेकंदांत होतो.

ध्वजप्रतिज्ञेचा मुद्दा लवकर आटोपता येईल. शिक्षकांनी वर्गात प्रतिज्ञा घेतलीच पाहिजे, अशी सक्ती करणाऱ्या विधेयकावर डुकाकिस यांनी १९७७ मध्ये नकाराधिकार वापरला, कारण राज्याच्या न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरेल असा सल्ला दिला होता. अशा सक्तीविरुद्ध संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९४३ चा निकालही होता. कायद्याच्या दृष्टीने बाजू भक्कम होती. बुश यांनी सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या ध्वजांच्या कारखान्याला भेट दिली आणि न्यायालयाचा सल्ला संपला.

इथे डुकाकिस यांची स्वतःची चूक सांगितली पाहिजे, कारण ती अटलांटाच्या व्यासपीठावरच झाली होती. ही निवडणूक विचारसरणीची नसून कार्यक्षमतेची आहे, असे त्यांनी स्वीकृतीच्या भाषणात सांगितले. मॅसॅच्युसेट्सची अर्थव्यवस्था सावरल्याचे श्रेय असलेल्या कुशल प्रशासकाला ते शोभणारे होते. पण मूल्यांचा विषय आपण काढणार नाही असे जाहीर करणे म्हणजे ती जागा मोकळी सोडणे, आणि प्रचारात मोकळी जागा पहिला येणारा व्यापतो. बुश यांची अडचण याच्या उलट होती. ऑक्टोबर १९८७ मध्ये ‘न्यूजवीक’ या साप्ताहिकाने त्यांच्या ‘मिळमिळीतपणा’वर मुखपृष्ठकथा केली होती. म्हणून त्यांच्याभोवतीचे कठोरपण जाहिरातींनी पुरवले, आणि उमेदवार स्वतः न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात पेगी नूनन यांनी लिहिलेल्या भाषणात अधिक दयाळू, अधिक मृदू राष्ट्राची भाषा बोलला. गोड बोलायचे उमेदवाराने आणि ओरबाडायचे जाहिरातीने, ही कामाची वाटणी तेव्हापासून सगळीकडे रूढ आहे.

रणगाड्याचे दृश्य १३ सप्टेंबरचे. मिशिगनमधल्या स्टर्लिंग हाइट्सच्या कारखान्यात डुकाकिस यांनी एम-१ ए-१ रणगाड्यात बसून फेरी मारली. संरक्षणाच्या बाबतीत ते मऊ आहेत हा आरोप पुसायचा होता. आत गोंगाट असल्यामुळे बोलणे ऐकू यावे म्हणून शिरस्त्राण घालावे लागले, आणि त्या मोठ्या शिरस्त्राणाखालचा, पुढे नाव लिहिलेला, हसून बोट दाखवणारा छोटा चेहरा पाहून जमलेले पत्रकार हसले. बुश यांच्या प्रचाराने तेच चित्रण उचलून त्यावर डुकाकिस यांनी विरोध केलेल्या शस्त्रांची यादी चढवली. मार्गारेट थॅचर १९८६ मध्ये पश्चिम जर्मनीत रणगाड्यात उभ्या राहिल्या होत्या आणि ते चित्र त्यांना शोभले, कारण त्यांच्याविषयी लोकांना जे आधीच वाटत होते त्याला ते धरून होते. प्रतिमा रिकाम्या जागेवर उमटत नाही. आमच्याकडे एक उमेदवार होते, पेशाने डॉक्टर, आयुष्य शहरात गेलेले. मी हट्टाने त्यांना फेटा बांधून ट्रॅक्टरवर बसवले. गिअर अडकला, चेहरा घाबरा झाला, आणि ते चार सेकंद विरोधकांनी लावणीच्या चालीवर महिनाभर फिरवले. त्यांच्या दवाखान्याबाहेरची पहाटेची रांग दाखवायचे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

१३ ऑक्टोबरच्या लॉस एंजेलिसमधल्या वादसभेत सूत्रसंचालक बर्नार्ड शॉ यांनी पहिलाच प्रश्न टाकला : तुमच्या पत्नी किटी डुकाकिस यांच्यावर बलात्कार होऊन त्यांचा खून झाला, तर त्या गुन्हेगाराला मृत्युदंड द्यावा असे तुम्हाला वाटेल का? डुकाकिस शांतपणे म्हणाले की नाही, माझा मृत्युदंडाला आयुष्यभर विरोध आहे, आणि पुढे ते अंमली पदार्थविरोधी धोरणाकडे वळले. उत्तर तत्त्वाला धरून होते, पण त्यात पत्नी नव्हती. याच माणसाचे डॉक्टर असलेले वृद्ध वडील त्यांच्या दवाखान्यात लुटारूंच्या हाती सापडून बांधले गेले होते, आणि भाऊ धडक देऊन पळालेल्या मोटारीखाली गेला होता. गुन्ह्याने घरात काय होते हे त्यांना बुश यांच्यापेक्षा जवळून ठाऊक होते. हे दोन वाक्यांत सांगून मग ‘तरीही मी मृत्युदंड मागणार नाही’ म्हटले असते, तर मत तेच राहून माणूस दिसला असता. स्वतःचे दुःख प्रचाराला जुंपायला ते तयार नव्हते, आणि याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. सल्लागार म्हणून मात्र मी त्यांच्याशी भांडलो असतो.

हल्ल्यांना त्यांनी कित्येक आठवडे उत्तरच दिले नाही. जेव्हा दिले तेव्हा जाहिरातवाल्यांची खिल्ली उडवणारी मालिका काढली : बंद खोलीत बसलेले धूर्त सल्लागार बुश यांचे ‘पॅकेजिंग’ करत आहेत. अनेक प्रेक्षकांना ती कोणाच्या बाजूची, हेच कळेना. शेवटी त्यांनी तेच हत्यार उचलले, संघराज्याच्या तुरुंगातून रजेवर सुटलेल्या एका हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, कैद्याने केलेल्या खुनाची जाहिरात काढली. त्या क्षणी रजेच्या बाजूने बोलणारा देशाच्या व्यासपीठावर कोणीही उरला नाही. कृष्णवर्णीय डेमोक्रॅटिक नेते जेसी जॅक्सन यांनी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात हॉर्टनच्या जाहिरातीतला वंशद्वेष उघडपणे बोलून दाखवला, तेव्हा कुठे तो चर्चेत आला. तोवर मतदानाला मोजके दिवस राहिले होते. मतदानही सुमारे ५० टक्केच झाले, १९२४ नंतरचे सर्वांत कमी.

प्रचारात उच्चारलेला प्रत्येक सामाजिक प्रश्न असाच चिरडला जातो, असे मात्र समजू नये. न्यू ऑर्लिन्सच्या त्याच भाषणात बुश यांनी अपंगांना मुख्य प्रवाहात आणण्याचे वचन दिले होते. त्यावर एकही गाजलेली जाहिरात निघाली नाही, कोणी कोणावर तुटून पडले नाही, आणि २६ जुलै १९९० रोजी अपंगांच्या हक्कांचा कायदा त्यांच्या सहीने झाला. उतरते रस्ते, लिफ्ट, रुंद दारे ही अमेरिकेत गेलेल्या आपल्याकडच्या कोणालाही सहज दिसणारी गोष्ट त्या कायद्यातून आली. प्रचाराच्या झोतात न आल्यामुळेच तो वाचला, असे मला वाटते. सिद्ध करता येणार नाही.

अॅटवॉटर यांना १९९० मध्ये मेंदूचा कर्करोग असल्याचे कळले. मार्च १९९१ मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी ‘लाइफ’ मासिकातल्या लेखात त्यांनी हॉर्टनला डुकाकिस यांचा उपाध्यक्षपदाचा जोडीदार बनवण्याच्या आपल्या जुन्या वल्गनेबद्दल आणि त्यातल्या क्रौर्याबद्दल क्षमा मागितली. डेमोक्रॅटिक पक्षाने मात्र वेगळा धडा घेतला होता. जानेवारी १९९२ मध्ये न्यू हॅम्पशरच्या प्राथमिक फेरीचा प्रचार ऐन भरात असताना बिल क्लिंटन तो सोडून आर्कान्सासला परतले, कारण तिथे रिकी रे रेक्टर या कृष्णवर्णीय कैद्याला मृत्युदंड द्यायचा होता. रेक्टरने एका पोलीस अधिकाऱ्याचा खून करून स्वतःच्या डोक्यात गोळी झाडून घेतली होती आणि त्याच्या मेंदूचा मोठा भाग निकामी झाला होता. शेवटच्या जेवणातला गोड पदार्थ त्याने ‘नंतरसाठी’ बाजूला ठेवला. गव्हर्नर म्हणून क्लिंटन यांनी शिक्षा थांबवली नाही. १९९४ मध्ये अध्यक्ष म्हणून त्यांनी सही केलेल्या गुन्हेगारीविषयक मोठ्या कायद्यात एक छोटे कलम होते, ज्यामुळे कैद्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळणारे पेल अनुदान बंद झाले आणि तुरुंगांतले अनेक अभ्यासक्रम गुंडाळले गेले. ते अनुदान कैद्यांना पुन्हा मिळू लागले जुलै २०२३ मध्ये.